सासरी मार, माहेरी हक्कसोड: घर आणि जमीन हातची जाऊ नये म्हणून काय करायचं

सासरी मारहाण होते म्हणून एखादी माहेरी येते, आठ-पंधरा दिवस राहते आणि परत जाते. "परत का गेली?" असं सगळे विचारतात. ती दुसरीकडे कुठे जाणार होती, हे फारसं कुणी विचारत नाही. माहेरच्या सातबाऱ्यावरून तिचं नाव हक्कसोडपत्रानं कधीच कमी झालेलं असतं, सासरच्या घरावर ते चढलेलंच नसतं आणि लग्नातले दागिने सासूच्या कपाटात असतात. मालमत्तेचा हक्क आणि कौटुंबिक हिंसा यांचे कायदे वेगळे, कोर्टं वेगळी, बरेचदा वकीलही वेगळे. बाईच्या आयुष्यात मात्र हा एकच प्रश्न असतो.

अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यातल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. मला यात आश्चर्य वाटत नाही. जिला जायला जागा आहे, तिच्यावर हात उगारताना माणूस विचार करतो.

म्हणून पुढे दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. हिंदू वारसा कायदा (१९५६) हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना तो थेट लागू नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा मात्र कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही समाजाच्या स्त्रीला वापरता येतो. तलाठी, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांतल्या बदलाची नोंद) वगैरे जे लिहिलं आहे ते महाराष्ट्रातलं.

पायरी १: आधी जीव

आज रात्री घरात राहणं धोक्याचं असेल तर बाकी सगळं नंतर. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१. बहुतेक जिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एका छताखाली मिळतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सोबतीनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तसे कक्ष आता अनेक जिल्ह्यांत आहेत आणि तिथल्या समाजसेविका पोलिसांशी बोलायला तुमच्याबरोबर उभ्या राहतात.

मार लागला असेल तर दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. "जिन्यावरून पडले" असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे समोरचा वकील तोच कागद कोर्टात वाचून दाखवतो. पोलिसांत गेल्यावर "घरगुती भांडण आहे, समजुतीनं घ्या" असं ऐकू येण्याची तयारी ठेवा, पण नोंद केल्याशिवाय उठू नका. निदान अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, तरी व्हायलाच हवी आणि तिची प्रत हातात हवी. नवरा किंवा त्याचे नातेवाईक यांच्या क्रूरतेचा गुन्हा, ज्याला लोक अजून ४९८-अ म्हणतात, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे.

पायरी २: कागद बाहेर काढा

ही पायरी मुकाट्यानं, कुणाला न सांगता, निघायच्या आधी उरकता आली तर पुढचं निम्मं काम हलकं होतं. आधार, पॅन, रेशनकार्ड, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा पत्रिका आणि लग्नातले फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक. नवऱ्याची पगारपावती किंवा आयकर विवरण दिसलं तर फोटो काढून ठेवा. पोटगी मागताना नवऱ्याकडून "मला काही उत्पन्नच नाही" हे वाक्य हमखास येतं. घराची कागदपत्रं मूळ मिळाली नाहीत तरी चालतील, पण घर कुणाच्या नावावर आहे हे कळायला हवं. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात मिळकत पत्रिका किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, निदान वीजबिल.

फोटो आणि मेसेज फक्त तुमच्याच मोबाईलवर ठेवू नका. मारहाण करणारा माणूस सर्वांत आधी मोबाईल फोडतो. बहिणीला, मैत्रिणीला पाठवून ठेवा आणि मूळ मेसेज पुसू नका. आधार आणि बँक खातं नवऱ्याच्या नंबरला जोडलेलं असेल तर तुमचा स्वतःचा नंबर लावून घ्या, नाहीतर तुमचा प्रत्येक व्यवहार त्याला कळतो.

पायरी ३: राहतं घर सोडावं लागू नये म्हणून

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. लैंगिक जबरदस्ती, शिव्या, अपमान, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, नोकरी सोडायला लावणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकणं, घराला कुलूप लावून बाहेर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. आर्थिक हिंसा हा शब्द कायद्यातच आहे, आणि तुमचा वाटा हडपण्यासाठी चाललेला छळ त्यात बसवून मांडता येतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, विधवा वहिनी, लग्न न करता एकत्र राहणारी स्त्री, या सगळ्यांना तो वापरता येतो. नवरा वारल्यावर माहेरी येऊन राहिलेल्या बहिणीला भाऊ घराबाहेर काढत असेल तर तीही याच दारावर जाऊ शकते. सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे सासू, नणंद यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो.

कुठे जायचं? जिल्ह्यात किंवा तालुक्यात महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. ते तुमची हकीकत ऐकून कौटुंबिक घटना अहवाल भरतात आणि अर्जासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. हा अहवाल असला तर उत्तम, पण त्याच्यावाचून अडत नाही. वकिलामार्फत किंवा स्वतः थेट कोर्टात अर्ज देता येतो, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्ज सासरच्या गावीच करायला हवा असंही नाही. तुम्ही सध्या जिथे राहता, अगदी तात्पुरत्या जरी, तिथल्या कोर्टात तो चालतो. नांदेडला सासर असलेली बाई पुण्यात बहिणीकडे आली असेल तर पुण्यात अर्ज करू शकते.

अर्जात काय मागायचं हे नीट ठरवा, कारण मागितलं नाही ते सहसा मिळत नाही. हिंसा थांबवण्याचा आदेश मागाच. राहत्या घरातून काढू नये, घर विकू किंवा गहाण ठेवू नये असा निवासाचा आदेश मागा. तिथे एकत्र राहणं अशक्य असेल तर नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगता येतं, किंवा तुमच्या राहणीमानाला शोभेल असं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागता येतं. खर्चासाठी दरमहा रक्कम, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत, झालेल्या त्रासाची भरपाई. याच अर्जात बँकेचं लॉकर आणि खाती परस्पर रिकामी करायला मनाई मागता येते, आणि ती मागणी लोक विसरतात. परिस्थिती तातडीची असेल तर शपथपत्रावर अंतरिम आदेश मिळू शकतो, समोरच्याला न ऐकताही.

पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात बहुतेक कोर्टांत याहून बराच जास्त वेळ जातो, म्हणूनच अंतरिम आदेशाचा आग्रह धरा. संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत फुकट मिळते. ती जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या.

आता सासरच्या लोकांचं सर्वांत आवडतं वाक्य: "घर माझ्या मुलाच्या नावावर नाहीच, माझ्या नावावर आहे, तू चालती हो." २००६ च्या एका निकालामुळे हे वाक्य कोर्टातही चालत असे. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात १५ ऑक्टोबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं तो जुना निकाल चुकीचा ठरवला. जिथे तुम्ही नवऱ्याबरोबर संसार केलात ते घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तुमचा निवासाचा हक्क तिथे मागता येतो. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचे हक्कही कोर्ट तोलून बघतं, त्यामुळे दर वेळी तेच घर मिळेल असं नाही, पण रातोरात सामान रस्त्यावर फेकणं बेकायदा आहे.

हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा: निवासाचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. त्यानं डोक्यावर छप्पर राहतं. मालकीचा रस्ता वेगळा आहे आणि तो बहुतेक जणींच्या बाबतीत माहेराकडून जातो.

पायरी ४: स्त्रीधन

लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर तुम्हाला मिळालेले दागिने, भांडी, पैसे, भेटी, माहेरच्यांकडून आणि सासरच्यांकडूनही, हे तुमचं स्त्रीधन. सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की नवऱ्याकडे किंवा सासूकडे ते ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. अडचण असते ती पुराव्याची. सोनाराच्या पावत्या माहेरी शोधा, लग्नाच्या फोटोंत अंगावरचा प्रत्येक दागिना दिसतो तो बघा, आणि वजनासकट यादी करून तारीख घालून ठेवा. आई हयात असेपर्यंत तिला सोबत बसवून ही यादी करा. कुठल्या पाटल्या आजीच्या मोडून केल्या, हे तिलाच ठाऊक असतं.

पायरी ५: माहेरचा वाटा

इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही हसतखेळत, राखीपौर्णिमेला किंवा भाऊबीजेला, साडीचोळी घेऊन.

महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि ही अट गेली. तरीही "वडील २००५ च्या आधी वारले, मग तुझा हक्क नाही" असं सांगणारे भाऊ, आणि तसं म्हणणारे निकालही, बरीच वर्षं होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं ही शंका संपवली: मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील ९ सप्टेंबर २००५ ला जिवंत असण्याची गरज नाही. लग्न कधी झालं यालाही महत्त्व नाही. अपवाद एकच मोठा आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटप झालं असेल, किंवा मिळकत विकली गेली असेल, तर ते उकरता येत नाही. "तोंडी वाटप झालं होतं" एवढ्यावर मात्र कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुरुपाद विरुद्ध हिराबाई मगदूम हा प्रसिद्ध खटला निकाली काढला. वडील वारले होते, मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. त्या काळच्या कायद्यानं आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे कल्पायचे आणि मग वडिलांचा पाव हिस्सा सहा वारसांत वाटायचा. आईला आणि प्रत्येक मुलाला २४ पैकी ७ भाग येतात, प्रत्येक मुलीला २४ पैकी १. तेच कुटुंब आजच्या कायद्यानं घ्या. वाटे सात होतात, वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत जातो, आणि आई, मुलगे, मुली अशा प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर सहावा हिस्सा येतो. २४ एकरांच्या जमिनीत मुलीचा वाटा १ एकरावरून ४ एकरांवर गेला. हक्कसोडपत्रावर सही करताना बाई नेमकं हे सोडत असते.

वडिलांची स्वकष्टाची मिळकत असेल तर ते मृत्युपत्र करून ती कुणालाही देऊ शकतात. पण मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलगा, मुलगी, पत्नी आणि वडिलांची आई यांना समान वाटे. माहेरच्या राहत्या घरात विवाहित मुलीला वाटप मागता येत नसे, ते कलम २३ सुद्धा २००५ मध्ये काढून टाकलं.

आता कागदावर हे कसं घडतं ते बघा. वडील गेले की भाऊ मृत्यूचा दाखला आणि वारसांचं शपथपत्र घेऊन तलाठ्याकडे जातो. त्या शपथपत्रात बहिणींची नावंच नसतात, ही सर्वांत सोपी युक्ती. जुन्या उताऱ्यांत दुसरी दिसते: थोरला भाऊ एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून मुख्य रकान्यात आणि बहिणी 'इतर हक्क' या रकान्यात, जिथून त्या पुढे गुपचूप गळतात. तिसरी युक्ती सहीची. "पीककर्जाला सही लागते" म्हणून सांगतात आणि कागद निघतो हक्कसोडपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीनं व्यवहार करायची मुभा.

म्हणून वडिलांच्या दिवसकार्यानंतर लगेच, कुणाला वाईट वाटेल याची वाट न बघता, वारस नोंदीसाठी स्वतः अर्ज द्या. ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवरही तो देता येतो. सर्व वारसांची नावं, तुमच्या नावातला माहेरचा-सासरचा बदल, पत्ता, सगळं लिहा. वारस नोंदीचा फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. तुम्ही मुंबईत किंवा परदेशात असाल तर 'आपली चावडी' या सरकारी पोर्टलवर गावाच्या फेरफार नोटिसा पाहता येतात. महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ अधूनमधून बघत जा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर घालून परस्पर कुठला दस्त झाला का तेही तपासता येतं.

नाव वगळूनच फेरफार मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मुदत ६० दिवसांची आहे, पण नोटीसच मिळाली नसेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत देतात. आणि धीर सोडू नका: सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा दिवाणी कोर्ट करतं.

हक्कसोडपत्राबद्दल माझं मत रोखठोक आहे. संसार स्थिर असला, भाऊ चांगला असला, तरी सही करू नका. सासरी त्रास असेल तेव्हा तर अजिबातच नाही. भावाशी नातं राखायचं असेल तर नाव ठेवा आणि जमीन त्याला कसू द्या. धान्य, पैसा काय द्यायचा ते आपसांत लिहून ठरवा. भावाची एक अडचण खरी असते, सामाईक सातबाऱ्यावर कर्जाला आणि अनुदानाला सगळ्यांच्या सह्या लागतात. त्यावर उत्तर म्हणजे वाटप करून तुमचा गट वेगळा करणं. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली अर्ज करून ते होतं. "तुकडेबंदीमुळे (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यामुळे) तुला वेगळं देता येत नाही" असं म्हणतील. तुकडा पाडता आला नाही तरी तुमचा हिस्सा सामाईक राहतो किंवा त्याचा मोबदला मिळतो, तो भावाचा होत नाही.

सही आधीच झाली असेल तर ती कशी झाली ते आठवून लिहून काढा. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असावं लागतं. शंभराच्या स्टँपवर घरी घेतलेल्या सहीनं हक्क जात नाही. नोंदवलेलं असलं आणि ते फसवून किंवा धमकावून घेतलेलं असलं, तर ही गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांत रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. इथे उशीर करू नका.

पायरी ६: सासरच्या मिळकतीत काय

"नवऱ्याच्या प्रॉपर्टीत बायकोचा अर्धा हक्क" हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य महाराष्ट्रात खरं नाही. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या मिळकतीत पत्नीची मालकी नसते. निवास आणि पोटगी यांचा हक्क असतो. कुटुंबात बाप-लेकांमध्ये वाटप झालं तर आईला तिचा वाटा मिळतो, एवढं आहे. गोव्यात मात्र वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या समान नागरी कायद्यानुसार, वेगळा करार केला नसेल तर, लग्नाबरोबर पती-पत्नी मिळकतीचे निम्मे-निम्मे धनी होतात. गोव्यात लग्न नोंदलेल्या मराठी मुलींनी हे मुद्दाम विचारून घ्यावं.

आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा गावागावांत पुरुषांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. सरकारची लक्ष्मी मुक्ती योजनाही आहे, तिच्यात नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. संबंध बरे असताना हा अर्ज करून घ्या. नवीन घर घेताना दोघांच्या नावावर दस्त करा. नॉमिनी म्हणून नाव लावलं यावर समाधान मानू नका, नॉमिनी मालक नसतो.

नवरा वारला आणि मृत्युपत्र नसेल तर विधवेला मुलांच्या बरोबरीनं वाटा मिळतो, आणि तो पूर्ण मालकीचा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं जुन्या काळची 'हयातभर खा, विकू नको' ही अट काढली. दुसरं लग्न केलं म्हणून मिळालेला वाटा परत द्यावा लागत नाही. दिराच्या धाकानं गाव सोडण्याआधी वारस फेरफारात स्वतःचं आणि मुलांचं नाव लागलं का, एवढं तरी पाहून घ्या.

पायरी ७: वकील, फी, तारखा

प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन १५१००. पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी महाराष्ट्र शासनाची १९९४ ची अधिसूचना आहे. तुमच्या दाव्याला ती लागते का, हे फी भरण्याआधी वकिलाला विचारा.

दोन कामं समांतर चालवा. हिंसाचाराचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात, त्यासोबत मिळकत विकू नये म्हणून मनाई हुकमाचा अर्ज. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मिळकत आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं असतं, असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निर्देश आहे. नवऱ्याचं शपथपत्र आलं की पायरी २ मधले फोटो कामी येतात. तडजोडीची बैठक पोलीस ठाण्यात असो की पंचांसमोर, "यापुढे काही मागणार नाही" अशा वाक्यावर त्याच दिवशी सही करू नका. मसुदा घरी आणा, वकिलाला दाखवा.

पायरी ८: तुमचं स्वतःचं मृत्युपत्र

नारायणी देवी नावाच्या बाईचं लग्न १९५५ मध्ये झालं. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला आणि सासरच्यांनी तिला हाकललं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसा साठवला, आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या पैशावर सासरचे नातेवाईक दावा सांगत आले. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला, कारण हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ तसं सांगतं: मूलबाळ आणि नवरा नसलेल्या हिंदू स्त्रीची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर नंतर. आईवडिलांकडून वारशानं आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परतते.

हे कलम आजही तसंच आहे. मारहाणीला कंटाळून वेगळी राहणारी पण घटस्फोट न झालेली बाई उद्या गेली, तर तिनं घेतलेल्या घराचा वारस तोच नवरा असतो, मुलं असली तर मुलांच्या बरोबरीनं. थांबवण्याचा मार्ग एकच, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून ठेवलेली बरी. कुणाला काय द्यायचं ते गट नंबर, फ्लॅट नंबर, खाते नंबर यांसह लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या तुमच्यासमोर घ्या. ज्यांना काही देताय त्यांना साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान असावेत. मूळ प्रत त्या घरात ठेवू नका जिथून तुम्ही बाहेर पडलात.